बासष्ट फेरे

१

घड्याळकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखात होतं. बाकी सगळ्या जगासाठी ते घड्याळकाका. वय एकावन्न, नोकरी रक्ताच्या नमुन्यांची ने-आण. टेकडीवरच्या केंद्रातून सकाळी सात वाजता नळ्यांची पिवळी पेटी पाठीला बांधायची आणि सात बावीसला खालच्या प्रयोगशाळेत उतरवायची. सात एकवीस नाही, सात तेवीस नाही. लोक त्यांच्यावरून घड्याळं लावत नसत, पण लावली असती तर बिघडलं नसतं.

त्यांच्या सायकलला फ्रीव्हील नव्हतं. साध्या सायकलवर माणूस उतार लागला की पाय थांबवून ऐसपैस बसतो. या सायकलला ती चैन मंजूर नव्हती. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. ब्रेकही नव्हता. थांबायचं तर एक पाय पुढे, एक मागे ठेवायचा आणि मांड्यांच्या जोरावर पायडल अडवून धरायचं. मग मागचं चाक बंद होतं आणि खर्रकन घसरत सायकल थांबते. शहरातली तरुण मंडळी हा प्रकार हौसेनं करतात, शक्यतो कोणी बघत असेल तेव्हा. काका तीस वर्षं पोटासाठी करत होते आणि बघणारं कोणी नव्हतं.

पुढच्या चकतीला अठ्ठेचाळीस दाते, मागच्या चकतीला सोळा. पायडलचा एक फेरा, चाकाचे तीन. असा स्वच्छ भागाकार काकांना मनापासून आवडे. सायकल बांधून देणारा मिस्त्री त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याला तो मुळीच आवडला नव्हता.

"अरे घड्याळा, पूर्ण भाग जातो हीच तर गोम आहे," तो म्हणाला होता. "तू नेहमी उजवा पाय पुढे ठेवून चाक अडवणार. म्हणजे दर वेळी टायरचा तोच चार बोटांचा तुकडा रस्त्यावर घासणार. बाकीचा टायर कोरा आणि तिथे टक्कल. एक दात वाढव, सतरा कर. झीज वाटली जाईल."

"टक्कल एकाच जागी असलेलं बरं. लक्ष ठेवता येतं," काका म्हणाले होते.

आणि ते लक्ष ठेवत होते. दर शनिवारी सायकल उलटी करून पुसायची, टक्कल बोटानं चाचपायचं, सायकल सुलटी करून मागचं चाक जरा उचलायचं आणि उजवं पायडल पुढे आणून ठेवायचं, निघायला तयार.

त्या शनिवारी बोट टकलावरून पुढे सरकलं, अर्धं चाक फिरलं, आणि पुन्हा गुळगुळीत जागा लागली. चार बोटांची. पहिल्या टकलाच्या बरोब्बर समोर.

२

"डावा पाय," मिस्त्री म्हणाला. त्यानं टायरकडे एकदाच पाहिलं. "डावा पाय पुढे ठेवून अडवलं की चाकाची समोरची बाजू खाली येते. म्हातारपणी पाय बदललास?"

"मी? जेवताना डाव्या हातानं वाटी धरतो, तेवढीच माझी डावीकडची हालचाल."

"मग घरात डावं कोण आहे?"

घरात डावी होती ती टिटवी. काकांची लेक, वय वीस, छापखान्यात कामाला, दुपारची पाळी. जन्मल्यापासून डावखुरी आणि बोलायला लागल्यापासून टिटवी. दहा वर्षांची असताना काकांनीच तिला या सायकलवर बसवलं होतं. ती डावा पाय पुढे टाकून थांबायची आणि काका हसायचे, "अगं, उलटी थांबतेस!" ती म्हणायची, "थांबले ना पण?"

संध्याकाळी काकांनी तिला विचारलं. सरळ विचारलं तर तो घड्याळकाकांचा स्वभाव कसला. त्यांनी आधी हवेबद्दल, मग छापखान्याबद्दल, मग रस्त्यांच्या अवस्थेबद्दल विचारलं.

"बाबा, मी तुमची सायकल चालवते का, एवढंच विचारायचंय ना?" टिटवी म्हणाली. "नाही चालवत. कधी चालवणार? मी आठला उठते, तुम्ही चारला येता, मी बाराला जाते."

"आठला तरी कुठे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "हाका मारून माझा घसा बसतो. आणि अहो, ती सायकल त्या दारातून हलवा हो एकदाची. येता-जाता साडी अडकते."

टिटवी हसली. उठताना तिनं डाव्या मांडीवर हात दाबला, पण तिकडे काकांचं लक्ष नव्हतं. ते मनात चावीवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होते.

३

तर्कशुद्ध माणसाची पहिली पायरी म्हणजे पुरावा. काकांनी टिटवीच्या डबीतलं लाल नेलपॉलिश घेऊन मागच्या चाकाच्या दोन्ही नटांवर ठिपके दिले. चाक काढून उलटसुलट बसवून कोणी थट्टा करत असेल तर रंग तडकला असता. घरी असताना सायकलला कुलूप, आणि किल्ली बनियनच्या आत.

पुढच्या शनिवारी रंग शाबूत होता. दुसरं टक्कल बोटभर वाढलं होतं.

म्हणजे सायकल दुसरं कोणी नेत नव्हतं. जे होत होतं ते काका स्वतः सायकलवर असतानाच होत होतं. हा निष्कर्ष निघाल्यावर त्यांना तर्काचा प्रथमच थोडा राग आला.

त्यातच नोंदवहीवर बसणाऱ्या बाई. प्रयोगशाळेच्या काचेआड बसून त्या प्रत्येक पेटीची वेळ लिहीत. सोमवारी त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, चावी द्यायला झाली का तुम्हाला? हा तिसरा आठवडा. सात सव्वीस, सात सव्वीस, रोज सात सव्वीस."

"भिंतीवरचं घड्याळ पुढे असेल."

"भिंतीवरचं घड्याळ तुमच्यावरून लावलंय मी."

चार मिनिटं. काकांनी सकाळचा रस्ता मनात पहिल्यापासून चालवून पाहिला. केंद्राचं फाटक, दूधवाल्याचा कट्टा, शाळेची भिंत, पाण्याची टाकी. टाकीपासून उतार. आणि मग खालचा सिग्नल, लाल. टाकी आणि सिग्नल यांच्या मध्ये काय होतं? रस्ता होता, हे उघडच आहे. पण आज सकाळचा रस्ता त्यांना आठवेना. कालचाही आठवेना. रोजच्या वाटेकडे कोण लक्ष देतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते स्वतःला पटलं नाही.

४

बिनफ्रीव्हीलच्या सायकलला एक गुण असतो: तिच्यावर खोटं बोलता येत नाही. पाय थांबत नाहीत, त्यामुळे दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे पायडलचे ठराविक फेरे. चढावर असो की उतारावर, आकडा तोच.

काकांनी परतताना, चढावर, मोजलं. सिग्नल ते टाकी बासष्ट फेरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बासष्ट.

मग उतारावर मोजलं, मोठ्यानं, ओठ हलवत. टाकीपाशी एक. दहा. वीस. सिग्नलला पाय टेकला तेव्हा ओठांवर अठ्ठावन्न होतं. मधे आकडा चुकल्यासारखं कुठेच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सत्तावन्न. मग पंचावन्न.

हरवलेले फेरे कुठे जातात हे समजायला काकांना मिस्त्रीची गरज नव्हती. पायडल अडवून चाक घसरतं तेव्हा सायकल पुढे जाते आणि फेरे पडत नाहीत. सात फेरे म्हणजे चाकाचे एकवीस, म्हणजे जवळपास पंचेचाळीस मीटर. तेवढं अंतर ते रोज सकाळी डावा पाय पुढे रोवून, चाक बंद करून घसरत होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

रविवारी सुट्टीच्या दिवशी ते तिथे चालत गेले. भर दुपारी, डोक्यावर टोपी, हातात भाजीची पिशवी, म्हणजे कोणाला शंका नको. उताराच्या मध्यावर विजेची लोखंडी पेटी होती. तिच्यापासून डांबरावर काळ्या रेषा सुरू होत होत्या. सायकलच्या टायरच्या रुंदीच्या, एकीला लागून एक, वहीत आखल्यासारख्या. सगळ्यांची सुरुवात एकाच जागी. प्रत्येक पुढची रेष मागचीपेक्षा लांब.

आणि त्या सिग्नलकडे जात नव्हत्या. हळूहळू डावीकडे वळत होत्या.

डावीकडे दोन इमारतींच्या मधे एक बोळ होता. तोंडाशी पत्र्याचं दार, अर्धवट उघडं. एक नळाचा पाइप, एक तुटकी बादली, पुढे वळण. कुठल्याही शहरात असे शंभर बोळ असतात. काका तिथे उभे राहिले. आतून गार हवा येत होती. सगळ्यांत लांब रेष दारापासून दीड पावलावर थांबली होती.

त्यांच्या बुटांच्या आत बोटं आळीपाळीनं दाबली जात होती. उजवी, डावी, उजवी, डावी. ते लक्षात आल्यावर काका भाजी न घेता घरी आले, आणि त्याबद्दल जे ऐकायचं ते त्यांनी ऐकून घेतलं.

५

"ही मुलगी डॉक्टरकडे जायला तयार नाही," बायको त्याच संध्याकाळी म्हणाली. "रोज उठली की डाव्या मांडीला तेल चोळत बसते. आज तर जिना बसून उतरली."

टिटवी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मांडी सुजली होती, गुडघ्यावर निळं पडलं होतं. काका खाटेच्या कडेला बसले. या वेळी त्यांनी हवेबद्दल काही विचारलं नाही.

"कशानं झालं?"

"स्वप्नानं," ती म्हणाली. "हसा आता."

"नाही हसत."

"रोज पहाटेनंतर पडतं. उजाडलेलं असतं. तुम्ही टाकीकडून खाली येताय, सायकलवर. मी तुमच्यामागे असते, किंवा तुमच्यातच असते, तेवढं कळत नाही. तुम्ही त्या बोळात वळायला लागता. मग मी पाय रोवते. डावा पुढे." तिनं नाक ओढलं. "उलटी थांबते म्हणून तुम्ही हसायचात ना. तशीच."

"थांबतो मी?"

"थांबता. पण दर दिवशी उशिरा. तुम्ही फार जोरात ओढता, बाबा. मला आता जमत नाहीये."

"बोळात काय आहे?"

"कोणीतरी थांबलंय. मला पाठ दिसते फक्त."

घड्याळकाकांच्या तीस वर्षांच्या नोकरीत शिल्लक रजांचा डोंगर झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा घेतली. सायकल कुलपात, किल्ली बायकोकडे. सात वाजता ते खुर्चीत चहा घेऊन बसले आणि विजयी मुद्रेनं वर्तमानपत्र उघडलं.

"अहो! अहो, ऐकताय का?" बायको त्यांना खांद्याला धरून हलवत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "चार मिनिटं हाका मारतेय. चहा गार झाला. आणि हे पाय... हे काय करत होता पायांनी?"

काकांनी खाली पाहिलं. खुर्चीपुढची सतरंजी पाय गोल गोल फिरून चुरगळली होती.

आतल्या खोलीत टिटवी ओरडली.

६

डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटलाय. एवढा ताण हिनं कशावर घेतला? अजून एकदा असं झालं तर पाय कायमचा अधू राहील. महिनाभर जागचं हलायचं नाही. जागचं न हलता झालं होतं, हे त्यांना कोण सांगणार?

काका तिथून तडक मिस्त्रीकडे गेले. "पुढच्या चाकाला ब्रेक लाव."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. तीस वर्षं या माणसानं ब्रेक हा शब्द शिवीसारखा उच्चारला होता. "कोण मेलं?"

"कोणी मरू नये म्हणून. मला हातानं थांबायचंय. माझ्या मीच. कोणाच्या पायाच्या जिवावर नाही."

मिस्त्रीनं पुढे विचारलं नाही. त्यानं मागचं चाक काढलं, आणि दुसऱ्या टकलातून पांढरे धागे बाहेर आलेले पाहून शीळ घातली. "हा टायर उद्या फुटला असता. नवा घालतो. आणि आता तरी ऐक, सोळाची चकती काढ. सतराची बसवतो. सतरा जागी थोडं थोडं झिजेल. डाव्या पायानं थांब, उजव्या पायानं थांब, जागा त्याच. ही डाव्या-उजव्याची भानगडच मिटेल. टायर कोणाची चुगली करणार नाही."

काकांना तेच हवं होतं. ती समोरासमोरची दोन टकलं बघणं त्यांना आता सोसवत नव्हतं. "बसव," ते म्हणाले.

जुना टायर मिस्त्रीनं खिळ्याला लटकवला. काकांनी त्याच दुपारी चढावर मोजून घेतलं. नव्या चकतीनं सिग्नल ते टाकी सहासष्ट फेरे.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीपाशी एक.

दहा. वीस. काका डोळे ताणून बघत होते. कुंपणावरचा कावळा दिसला. दोरीवरची निळी चादर दिसली. तीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उतार शाबूत होता, मधेच फाटत नव्हता. विजेची पेटी आली. पाय डावीकडे ओढू लागले. हँडल नव्हे, पाय. काकांनी ब्रेक दाबला.

सायकल आज्ञाधारकपणे हळू झाली. घसरणं नाही, खर्रकन आवाज नाही, कुणाच्या मांडीवर ताण नाही. टिटवी झोपू दे, त्यांना वाटलं. आता मी आहे.

ब्रेक उत्तम होता. त्यानं त्यांना नेमकं बोळाच्या तोंडाशी आणून उभं केलं.

पत्र्याचं दार पूर्ण उघडं होतं. काकांनी पाय टेकले नाहीत. सरावाचे सायकलस्वार सिग्नलला राहतात तसे ते दोन्ही पाय पायडलवर ठेवून, चाक बोटभर पुढे, बोटभर मागे करत तोल सांभाळत राहिले.

आत, वळणाच्या अलीकडे, आणखी एक जण तसाच तोल सांभाळत होता. बोटभर पुढे, बोटभर मागे. त्याच्या चेनची बारीक किरकिर काकांच्या चेनच्या किरकिरीत मिसळून एकच आवाज होत होता. पाठीला पिवळी पेटी. पेटीवर तोच क्रमांक, कोपऱ्यात तोच चिकटपट्टीचा तुकडा.

आरसा, काकांच्या तर्कानं घाईघाईनं सुचवलं. कोणीतरी टाकून दिलेला आरसा. पण आरशात तोंड दिसतं. ही पाठ होती.

त्याच्या मागच्या चाकावर जुना टायर होता. धागे बाहेर आलेला.

त्याची मान वळायला लागली. घाई नव्हती त्याला. आधी कान दिसला, मग गालाची कड.

काकांनी पायडल दाबलं. कुठल्या दिशेला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्यानंतर सिग्नल लाल होता. ओठांवर आकडा होता सहासष्ट. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. नोंदवहीच्या बाईंनी वेळ लिहिली आणि खूश होऊन मान डोलावली. "सात बावीस! दिली वाटतं कोणीतरी चावी."

बोळाशी थांबून गेलेला वेळ कुठे गेला, हे काकांनी विचारलं नाही. परतताना मात्र ते मिस्त्रीच्या दुकानावरून आले. खिळा रिकामा होता.

"भंगारवाला आला होता सकाळी," मिस्त्री म्हणाला. "का रे?"

८

टिटवी उशीला टेकून बसली होती. सूज उतरली होती. चार वाजता घरात शिरलेल्या काकांना तिनं पाय वर उचलून दाखवला.

"दुखत नाही. आज ओढलंच नाही कोणी."

"बघ! ब्रेक बसवून घेतला मी." काका म्हणाले. "आता तुला कधी थांबवावं लागणार नाही."

"हो," ती म्हणाली. "आज तुम्ही आपले आपण थांबलात. मग आत गेलात. मी हाक मारली, पण माझा पायच नव्हता कुठे लावायला." "आणि मग तुम्ही बाहेर आलात. लगेच. हात केलात मला."

"मग झालं तर. बाहेर आलो ना?"

टिटवीनं पांघरूण पायावर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहा पस्तीसला काका सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरले, तर ती खालच्या पायरीवर बसलेली. आठच्या आधी उठण्याची तिची आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. डॉक्टरांनी हलू नको म्हटलेल्या पायानं, कठड्याला धरून दोन मजले उतरून आली होती.

"अगं, तू इथे काय करतेस?"

"काही नाही. तुम्ही निघा. मी बघते."

काकांनी मागचं चाक उचललं, पायडल जागेवर आणायला हात घातला, आणि हात थांबला.

कुठलं पुढे?

उजवं. उजवंच. मिस्त्री तसं म्हणाला होता, बायकोला ठाऊक होतं, टिटवीला ठाऊक होतं. काकांना ते पाठ होतं, शेजारच्या माणसाची एखादी सवय पाठ असावी तसं. त्यांनी मांडीला विचारून पाहिलं. उजवीला, मग डावीला. दोन्ही गप्प. तीस वर्षं हा प्रश्न हातानं कधी विचारलाच नव्हता.

त्यांनी टायरकडे पाहिलं. टायर कोरा होता. उद्या झिजला असता तरी सतरा जागी झिजला असता, आणि डावं-उजवं करणाऱ्याला त्यावरून काही कळलं नसतं.

"बाबा," टिटवी हळूच म्हणाली, "उशीर होतोय."

त्यांनी उजवं पायडल पुढे आणलं, पाय ठेवला, आणि हसून मान वर केली. टिटवी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती, आणि तिचे दोन्ही हात तिच्या डाव्या मांडीवर घट्ट रोवलेले होते.